जुनी इंग्लिश सायकल परत रस्त्यावर आणायची आहे? मग आधी सँडपेपर बाजूला ठेवा

जुनी इंग्लिश सायकल हाताला लागली की पहिल्याच दिवशी डोक्यात येतं, सगळी खोलू, रंग काढू, नवा कोरा रंग मारू. मी पण पहिल्या सायकलला हेच केलं आणि अजून हळहळतोय. त्या काळपट थराखाली सोनेरी बारीक रेघा होत्या, नळीवर कंपनीच्या नावाचं ट्रान्सफर, म्हणजे रंगावर उतरवलेलं छापील चित्र, होतं, सगळं एका दुपारी सँडपेपरने साफ, आणि वर मी मारलेला स्प्रे दोन वर्षांत पापुद्रे धरून सुटला. म्हणून इथे क्रम उलटा सांगतोय. आधी सायकल ओळखायची, मग चालती करायची, मग पुसायची आणि अगदी शेवटी आपल्या मनासारखे बदल. रंगाला निदान वर्षभर हातच लावायचा नाही, वर्षभर चालवल्यावर बहुतेक वेळा ती इच्छाच राहत नाही.

मी बोलतोय ते साधारण १९३० ते १९८० दरम्यान इंग्लंडात बनलेल्या स्टीलच्या रोडस्टर आणि स्पोर्ट्स टाइप सायकलींबद्दल, म्हणजे बिनगिअरच्या नाहीतर मागच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, तीन गिअर असलेल्या. हलक्या रेसिंग सायकलींचं प्रकरण वेगळं आहे, ते इथे नको.

आधी ती कोण आहे ते बघा

पुढच्या नळीवरचा बिल्ला बघाच पण बिल्ला पडलेला असेल तर पायडलजवळची मोठी चकती बघा. रॅलेच्या बऱ्याच चकत्यांमध्ये बगळा कापलेला असतो, रजच्या चकतीत हाताचा पंजा, हंबरच्या चकतीत गोल उभी असलेली माणसं. आता गंमत अशी की ही सगळी मंडळी हळूहळू एकाच छपराखाली आली, नॉटिंगहॅमच्या रॅलेने १९३२ मध्ये हंबर घेतली, १९४३ मध्ये रज, १९५७ मध्ये बीएसएचा सायकल धंदा, आणि १९६० मध्ये फिलिप्स आणि हर्क्युलिसवाला गटही रॅलेबरोबर एकत्र झाला. त्यामुळे उशिराच्या सायकलीवर बिल्ला कुणाचाही असू शकतो आणि आतला माल रॅलेचा.

ही वंशावळ पाठ करायची गरज नाही पण पार्ट घ्यायच्या वेळी ती नडते. रॅलेने बॉटम ब्रॅकेटला (फ्रेमचा तो भाग जिथे पायडलचं ॲक्सल फिरतं) आणि हँडलच्या कपाला, म्हणजे छरे बसतात त्या वाटीला, स्वतःचे आटे ठेवले होते, इंचाला २६. बाकी जवळपास सगळ्या इंग्लिश सायकलींना इंचाला २४. बाजारात मिळणारे कप बहुतेक २४ चे, ते रॅलेला दोन फेरे आत जातात आणि अडकतात, मग माणूस जोर लावतो आणि फ्रेमचे आटे जातात. तेव्हा नियम एकच, जुना कप, जुना कोन (छऱ्यांना दाबून धरणारा निमुळता नट), जुना नट कितीही गंजलेला असला तरी नवा बसेपर्यंत फेकायचा नाही.

वय काढायचं तर मागचा हब पुसा. स्टर्मी आर्चर या गिअरचे हब बनवणाऱ्या कंपनीचा हब असेल तर वर मॉडेल आणि तारीख ठोकलेली असते, उदाहरणार्थ एडब्ल्यू आणि शेजारी ६५ ८ म्हणजे ऑगस्ट १९६५. चाक कधी बदललेलं असेल तर हबाचं वय आणि सायकलचं वय वेगळं, एवढं लक्षात ठेवा.

आणि टायर. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. जुन्या टायरवर २६ × १-३/८ लिहिलेलं असतं, आपण दुकानात जाऊन २६ चा टायर मागतो, घरी येऊन तासभर झटतो, टायर काही चढत नाही. कारण इंचातलं माप हे नुसतं नाव आहे. टायरच्या कडेला मिलिमीटरमधला आकडा असतो तो बघायचा. इंग्लिश स्पोर्ट्सचा २६ × १-३/८ म्हणजे ५९०, रॉड ब्रेकवाल्या (केबलऐवजी सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या) मोठ्या रोडस्टरचा २८ × १-१/२ म्हणजे ६३५, आणि २७ × १-१/४ म्हणजे ६३०. माउंटन बाइकचा २६ हा ५५९ असतो, तो इथे कधीच बसणार नाही, साबण लावा नाहीतर नवस बोला.

हत्यारं

सगळी यादी देत नाही, एकच गोष्ट सांगतो. जुन्या सायकलींवर नटांची डोकी बरेचदा व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची असतात, त्यावर मिलिमीटरचा पाना थोडा ढिला बसतो आणि जोर लावला की कोपरे गोल. पाना घट्ट बसत नसेल तर लावूच नका. आणि व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, म्हणजे १/४ लिहिलेला पाना पाव इंच रुंद नसतो, बराच मोठा असतो. हे मला कळेपर्यंत मी चुकीचा पाना आला म्हणून एकदा परत पाठवून बसलो होतो.

बाकी गंज सैल करणारं पातळ तेल लागतं, आणि धीर. शनिवारी सायकल आणली की प्रत्येक नटावर, सीटच्या दांड्यावर, पायडलचे हात धरणाऱ्या कॉटर पिनांवर तेल सोडा आणि पुढच्या शनिवारपर्यंत हात लावू नका, मध्ये रोज थोडं थोडं परत सोडा. खोलायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः वायसर कुठल्या क्रमाने आहेत ते, नंतर आठवेल असं वाटतं पण आठवत नाही.

कॉटर पिन, म्हणजे खरी परीक्षा

जुन्या सायकलीत क्रँक म्हणजे पायडलचा हात आडव्या ॲक्सलवर एका पाचरीसारख्या पिनेने धरलेला असतो, तीच कॉटर पिन. नवीन माणसाचा सगळा उत्साह इथे संपतो त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात उत्तम म्हणजे कॉटर प्रेस, पिन दाबून बाहेर काढायचं हत्यार. ते नसेल तर हातोडा, पण नुसता हातोडा नाही. आधी नट सैल करा, पूर्ण काढू नका, नटाची वरची कडा आणि पिनेचं टोक एका पातळीत येईल एवढाच, म्हणजे घाव पिनेच्या आट्यांवर न बसता दोघांवर मिळून बसतो. मग क्रँकच्या खाली, पिनेचं दुसरं डोकं मोकळं राहील असा, एक जाड लोखंडी पाइप उभा करा आणि तो थेट जमिनीवर टेकवा. आता एक दणका, मोठ्या हातोडीने, मनापासून. दहा हळू घावांनी पिन वाकते आणि अजून घट्ट होते, एका जोरदार घावाने सुटते. खाली आधार नसेल तर तोच घाव आतल्या छऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात, मग पायडल मारताना कायम कटकट. पिन वाकलीच तर ड्रिलने पोखरून काढावी लागते, वेळखाऊ आहे पण जगबुडी नाही.

नवी पिन घेताना जुनी व्हर्नियरने मोजा. रॅलेला आणि बऱ्याच इंग्लिश सायकलींना ९.५ मिमी लागते, काहींना ९ मिमी, अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही पण पिन एकतर आत जात नाही नाहीतर पूर्ण आत जाऊन लडबडते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, एका बाजूला नट वर असेल तर क्रँक अर्धा फेरा फिरवल्यावर दुसऱ्या बाजूचा पण वर आला पाहिजे, दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर दोन पायडल सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना एक पाय लंगडा वाटतो. पिनेची सपाट बाजू ॲक्सलच्या खाचेला पूर्ण टेकत नसेल तर कानशीने थोडी थोडी घासा, पण सपाटच, गोलाई नको. आणि पिन आत ओढायचं काम नटाचं नाही! आधी प्रेसने नाहीतर हातोडीने पिन बसवायची, नट फक्त ती सुटू नये म्हणून. नटाने ओढायला गेलात तर पिनेचे आटे पीठ होतात.

क्रँक निघाले की बॉटम ब्रॅकेट. डावीकडचा कप सेटिंगचा, त्यावर खाचा असलेली रिंग असते, ती सैल करून साध्या दिशेने उघडा. उजवीकडचा म्हणजे चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, आणि तो काढूच नका. आतून फडक्याने रॉकेल लावून पुसा, टॉर्चने बघा, चकचकीत असेल तर तिथेच राहू दे. दोन्ही बाजूंना पाव इंची छरे, प्रत्येकी ११. छरे स्वस्तातली गोष्ट आहे, नवेच घाला, भरपूर ग्रीस. ॲक्सल हाताने फिरवल्यावर लोण्यासारखं फिरलं पाहिजे आणि हलवल्यावर खडखडलं नाही पाहिजे, या दोन्हीच्या मधली जागा सापडायला मला अर्धा तास लागतो, तुम्हाला पण लागेल. हँडलचे आणि पुढच्या चाकाचे छरे काढताना मोजून कागदावर लिहा, बाकी पद्धत तीच.

हो, डावं पायडल पण उलट्या आट्यांचं. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे एकदा तरी चुकतात.

हब खोलू नका

तीन गिअरचा स्टर्मी आर्चर हब बंद दिसला की लोक घाबरतात. या हबाचा पहिला अवतार १९०२ चा, आणि तुम्हाला बहुतेक भेटेल तो एडब्ल्यू, जो १९३० च्या दशकात आला. आत एक मधला २० दात्यांचा स्थिर गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे गिअर आणि बाहेर ६० दात्यांची रिंग. म्हणूनच तिसरा गिअर बरोबर एक-तृतीयांश जास्त वेगाचा, पहिला पाऊणपट आणि दुसरा सरळ एकास एक. इतकं साधं आणि दणकट काम आहे की तो सहसा मेलेला नसतो, आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं एवढंच.

हबावर छोटं झाकण असतं, तिथून चमचाभर पातळ इंजिन ऑइल सोडा, चाक फिरवा, रात्रभर आडवं ठेवा, दुसऱ्या दिवशी परत. घाण काळं पाणी बाहेर येईल, येऊ द्या. माझ्याकडे आलेल्या हबांपैकी बहुतेक एवढ्यावरच जिवंत झाले. शिलाई मशीनसाठी म्हणून घरात पडलेलं कुठलंही तेल टाकू नका, खाण्याचं तर नाहीच, ते काही महिन्यांत गोंद होतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

मग गिअर जुळवणं, हे नीट वाचा कारण ही सेफ्टीची गोष्ट आहे. हबाच्या उजव्या टोकातून एक बारीक साखळी बाहेर येते, ती आधी हाताने पूर्ण आत फिरवा आणि मग अर्ध्या फेऱ्यापर्यंत उलटी, म्हणजे ती केबलच्या दिशेला सरळ राहील. आता हँडलवरचा खटका दुसऱ्या गिअरवर टाका. उजव्या नटाला भोक असतं, त्यातून बघितलं की साखळीला जोडलेल्या सळईची कड दिसते, ती कड ॲक्सलच्या टोकाशी बरोबर एका पातळीत आली पाहिजे. आत-बाहेर असेल तर केबलवरची गोल फिरकी फिरवून जुळवा आणि तिचा नट घट्ट करा. हे का, तर एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक रिकामी जागा आहे, जिथे कुठलाच गिअर लागत नाही. केबल ढिली असली की उभं राहून जोर लावताना हब तिथे घसरतो, पायडल एकदम हवेत फिरतं आणि तुमची हनुवटी हँडलवर. माझ्या ओठावर त्याची खूण आहे.

अजून एक, पुढच्या चाकात जाडजूड ड्रमसारखा हब असेल तर तो डायनोहब, म्हणजे दिव्यासाठी वीज बनवणारा. त्याचं चुंबक आतल्या गुंडाळीपासून ओढून वेगळं करू नका, लोखंडी रिंगचा आधार न देता बाहेर काढलं की चुंबकाची ताकद उतरते आणि दिवा कायमचा मिणमिणता.

ब्रेक आणि चाकं

केबल आतली-बाहेरची दोन्ही नवी, ब्रेकचे रबर नवे, यात काटकसर नको. रबर धरणारी पत्र्याची डबी एका बाजूने उघडी असते, ती उघडी बाजू मागे आणि बंद बाजू पुढे आली पाहिजे. उलट बसवली तर पहिल्याच जोरात रबर सटकून बाहेर, आणि तुम्ही बिनब्रेकचे. रॉड ब्रेकवाल्या सायकलीत रबर रिमच्या आतल्या बाजूला वर ओढले जातात, तिथे चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा वर-खाली जास्त असेल तर ब्रेक कधीच नीट लागणार नाही, त्यामुळे आधी चाक, मग ब्रेक.

क्रोमच्या स्टील रिमवर ओल्यात ब्रेक लागत नाही असं म्हटलं तरी चालेल. लागतो, पण तुमचा विचार बदलल्यावर लागतो. ओल्या रस्त्यावर हे मनात धरूनच चालवा.

पुसापुशी

चालती झाली, आता सौंदर्य. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं. ट्रान्सफरवर थिनर, पेट्रोल, रॉकेल काही नाही, कुठलंही पॉलिश आधी खालच्या नळीच्या पोटात जिथे दिसत नाही तिथे लावून बघा. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की आश्चर्य वाटेल इतका निघतो. जिथे क्रोम उडून खड्डे पडलेत तिथे काही परत येत नाही, तेलाचा हात फिरवा आणि सोडून द्या. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये बुडवायची पद्धत लोक सांगतात, काम करते पण विषारी आहे, हातमोजे आणि मोकळी हवा पाहिजेच, आणि काही रंग त्यात फिके पडतात, म्हणून सुटे नट-बोल्ट ठीक, अख्खी फ्रेम मी बुडवणार नाही. शेवटी मेणाचं पॉलिश. सोनेरी रेघा हळूहळू वर यायला लागतात ना, तेव्हा मला माझी ती पहिली सायकल आठवते.

चामड्याची ब्रुक्स सीट असेल तर ती बघूनच ठरवा. ब्रुक्स म्हणजे १८६६ पासूनचं बर्मिंगहॅमचं घर, पन्नास वर्षांची सीट सुद्धा चालते, पण चामडं चिरलं असेल, खिळ्यांपाशी फाटलं असेल तर ती भिंतीवर शोभेला. कोरडं पण अखंड असेल तर सीटचंच मेण पातळ थरात, वरून आणि खालून, चार-पाच दिवसांच्या अंतराने. तेलात भिजवू नका, चामडं लिबलिबीत होऊन झोळी होते. पुढचा ताणायचा नट पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

आता तुमच्या मनासारखं

माझी एकच अट, जे कराल ते परत काढता आलं पाहिजे. फ्रेमला भोक नको, वेल्डिंग नको, काही कापणं नको. काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून डब्यात.

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठा फरक कशाने पडत असेल तर मागच्या छोट्या चकतीने. या सायकलींवर बरेचदा पुढे ४६ आणि मागे १८ दाते असतात, म्हणजे २६ इंची चाकावर दुसरा गिअर ६६ इंचाचा आणि तिसरा ८८ चा (पुढचे दाते भागिले मागचे दाते गुणिले चाकाचे इंच, आकडा जितका मोठा तितका गिअर जड). तो ८८ फक्त उतारावर वारा पाठीशी असताना कामाचा, एरवी तिसरा गिअर नुसता शोभेला. मागे २२ ची चकती टाकली की तेच आकडे ४१, ५४ आणि ७२ होतात आणि तिन्ही गिअर रोज वापरात येतात, चढावर उतरून ढकलायची वेळ येत नाही. चकती तीन दात्यांच्या खाचेत बसते आणि एका स्प्रिंगच्या रिंगने धरलेली असते, स्क्रू ड्रायव्हरने रिंग काढताना डोळ्यांवर चष्मा हवा कारण ती उडते, माझी पलंगाखाली सापडली होती. चेन नवी आणि थोडी लांब लागेल, १/८ इंची रुंदीची घ्या, डिरेलर गिअरची बारीक चेन नको.

दुसरं हँडल. मागे वळलेलं नॉर्थ रोड हँडल उलटं करून बसवलं की मुठी खाली जातात आणि सायकल एकदम चपळ दिसते, चालते पण तशीच. फुकटातला बदल, आवडला नाही तर दहा मिनिटांत परत. रॉड ब्रेकवाल्यांना हे जमणार नाही.

तिसरं म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिम. ओल्यात ब्रेक लागायला लागतो, चाक हलकं होतं, खर्च मात्र आहे आणि एक पाचर आहे. जुन्या इंग्लिश सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, नव्या रिम बहुतेक ३६ भोकांच्या. मग एकतर ४० भोकांची रिम शोधत फिरा नाहीतर ३६ भोकांचं हबाचं कवच मिळवून जुन्या हबाचं आतलं यंत्र त्यात घाला, ते सरळ बसतं. रोज ओल्या रस्त्यावर जाणार असाल तरच या फंदात पडा. आणि रॉड ब्रेकच्या सायकलीला साधी ॲल्युमिनियम रिम चालत नाही, रबर टेकायला आतली बाजूच तशी नसते.

क्रीम रंगाचे टायर, चामड्याच्या मुठी, पितळी घंटी, हे तुमचं तुम्ही बघा, त्यात मी मत देणार नाही. बरं देतो, क्रीम टायर आठवड्यात मळतात.

पहिल्या फेरीनंतर

पहिल्यांदा घराजवळच चालवा, खिशात पाना ठेवून. वीस-तीस किलोमीटर झाले की कॉटर पिना परत एकदा दाबून नट घट्ट करा, नव्या पिना बसतात आणि सैल होतात, हे न केलेल्या माणसाची पिन तिसऱ्या आठवड्यात गोल होते. मागच्या चाकाचे नट बघा, आणि ॲक्सलवर फ्रेमच्या खाचेत अडकणारे खास वायसर आहेत ना ते पण, ते नसतील तर ॲक्सल स्वतःभोवती फिरतं आणि गिअर आपोआप बिघडतो. हँडल पुढचा ब्रेक दाबून पुढे-मागे हलवा, टकटक आली तर वरचा कप थोडा आवळा. नवी गिअर केबल ताणली गेलेली असेल, परत दुसऱ्या गिअरवर टाकून त्या भोकातून सळईची कड बघा.

मी चौथ्या फेरीनंतर फिरकी दोन फेरे फिरवली, त्यानंतर तिला हात लावलेला नाही. आता महिन्यातून एकदा हबात तेलाचे चार थेंब सोडतो, तेवढंच.